पंगतीतली नववी ओळ

माझ्या लाल पेनातून आजवर जेवढी शाई सांडली, तेवढी पंचगंगेत ओतली असती तर शिरोळपर्यंतचा ऊस तांबडा उगवला असता आणि कारखान्यातनं साखर गुलाबी निघाली असती. मी मराठीचा मास्तर. वह्या तपासून तपासून माझं उजवं मनगट असं कमावलेलं, की गल्लीतल्या तालमीतले पैलवान पंजा लढवायचा म्हटलं की मला डावा हात वापरायची अट घालत. आता यात मीठ थोडं जास्त पडलंय, मान्य. पण हे मोठेपण आधीच सांगून घेतो, कारण पुढं जे सांगायचं आहे ते सांगताना मान वर राहणार नाही.

माझा एक धडा कुठल्याच पुस्तकात नाही. मुलं त्याला पंगतीचा धडा म्हणत. दर जूनला नववीच्या फळ्यावर मी एक वाक्य लिहायचो : ‘सुट्टीत मी पोहायला शिकलो, मामाच्या गावाला जाणे आणि खूप आंबे.’ लिहून मागं सरकायचो आणि विचारायचो, “काय झालंय याला?” कुणी म्हणे पूर्णविराम मोठा झालाय. कुणी म्हणे आंबे कच्चे आहेत. मग मी बाह्या सारायचो.

“हे वाक्य म्हणजे पंगत. तिघं जण शेजारी शेजारी बसलेत. पहिल्याला आपण ‘शिकलो’ वाढलं. मग दुसऱ्याच्या पानात ‘जाणे’ कसं? आणि तिसऱ्या आंब्याच्या पानात तर काहीच नाही, तो नुसता बसलाय तोंड बघत. एका ओळीत बसलेल्यांना एकसारखं वाढायचं. शिकलो, गेलो, खाल्ले. पंक्तिभेद जेवणात करायचा नाही आणि वाक्यातही करायचा नाही.”

मुलं हसायची, पण विसरायची नाहीत. दहावीचे पेपर तपासणारे म्हणे आमच्या शाळेची उत्तरपत्रिका लांबून ओळखत, वाक्यं अशी कवायतीसारखी उभी असत. आणि मला तर हे वेडच लागलेलं. रस्त्यानं जाताना पाट्या वाचायचो आणि हात शिवशिवायचा. एका दुकानाच्या भिंतीवर लिहिलेलं होतं, ‘येथे थांबू नये, थुंकू नये व गाड्यांची हवा सोडली जाईल.’ मी खिशातला मार्कर काढला आणि दुरुस्त केलं : ‘थांबू नये, थुंकू नये, गाडी लावू नये, लावल्यास हवा सोडली जाईल.’ दुकानदार धावत बाहेर आला. “कोन रं त्यो भिताड खराब करतोय?” मी शांतपणे त्याला पंगत समजावली. तो पाच मिनिटं ऐकत राहिला आणि म्हणाला, “सर, तुमचं खरं हाय. पर तुमची गाडी कुटं लावलीया?” वळून बघतो तर माझ्याच स्कूटरची हवा गेलेली. हा किस्सा मी निदान चारशे वेळा सांगितला आहे. पहिल्या शंभर वेळा त्यात हवा गेली नव्हती.

माझी दुसरी ख्याती नावांची. रंकाळ्यावर पाठमोरा माणूस दिसला तरी मी त्याचं नाव, बॅच आणि बाक सांगतो, असं माझे विद्यार्थी छातीवर हात ठेवून सांगतात. आतली गोष्ट अशी, की निम्मी नावं मला आठवत नाहीत. मी खांद्यावर थाप टाकतो आणि म्हणतो, “काय रे, वडील काय म्हणतात? अजून तिथंच?” पुढचा भारावून स्वतःच सगळा पत्ता देतो. नाव कधी विचारायचं नाही, हे या कलेचं गुपित. एकदा विचारलं की ख्याती संपली.

आमची शाळा शहराच्या कडेला, जिथं वारा फिरला की मळीचा वास वर्गात येतो. सुरुवातीला पत्र्याची शेड होती, दोन वर्ग आणि एक घंटा. तेव्हापासून आम्ही नऊ जण होतो. आठ शिकवणारे आणि एक शिपाई बाई. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. घंटा देणं, पाणी भरणं, खडू मोजून देणं, उशिरा आलेल्या पोरांना फाटकात अडवणं आणि मग अडवल्यासारखं करून सोडणं, ही त्यांची कामं. मला बिनसाखरेचा चहा लागायला लागला ते माझ्या बायकोच्या आधी त्यांना कळलं. वर्गात मी पंगतीचा धडा सुरू केला की त्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. मला वाटायचं, माझ्या विनोदाला हसतात. शिक्षक घरी गेले की त्या स्टाफरूममधला पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायच्या, क्षमायाचना आणि जाहीर नोटिसांसकट.

शाळेचा रौप्यमहोत्सव ठरला तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांनी सांगितलं, नव्या इमारतीच्या दारात काळा ग्रॅनाइट बसवायचा आणि त्यावर शाळा उभी करणाऱ्या नऊ जणांची नावं सोनेरी अक्षरात कोरायची. मजकूर अर्थातच माझ्याकडं. कोल्हापुरात लग्नाची पत्रिका असो, वाढदिवसाचा फ्लेक्स असो की श्रद्धांजलीचा, आमच्या भागात मजकुराला माझा हात लागल्याशिवाय मशीन सुरू होत नाही.

त्याच दुपारी मावशी चहा घेऊन आल्या आणि कप ठेवून तिथंच उभ्या राहिल्या.

“सर, त्या दगडावर माजं बी नाव असनार न्हवं?”

“म्हणजे काय! तुमच्याशिवाय दगड उभा राहील व्हय?”

“न्हाय, इचारलं आपलं. इचलकरंजीची नणंद येतो म्हनतीया बगायला. माजं नाव असं कुटं लागलंच न्हाय कवा. मतदार यादीत हाय, पर ते काय कुनी बगायला येत न्हाय.”

एवढंच बोलून त्या गेल्या. सगळ्या नोकरीत त्यांनी माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट.

मी यादी करायला बसलो. एक ते आठ झरझर लिहून झाले. श्री. किंवा सौ., नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, हुद्दा. सहाव्या ओळीत मी स्वतः. अशी सरळ पंगत, की फूटपट्टी लावावी. नवव्या ओळीवर पेन टेकवलं आणि हात थांबला.

मला त्यांचं नाव माहीत नव्हतं.

आडनाव अंधुक कळत होतं. नवरा इचलकरंजीत यंत्रमागावर होता आणि तो लवकर गेला, एवढं माहीत होतं. पण नाव? मावशी. फक्त मावशी. पंचवीस वर्षं ज्यांच्या हातचा चहा प्यालो, त्या बाईचं नाव मला येत नव्हतं.

आता साधं काम होतं. दहा पावलांवर त्या मैदानात पाण्याची टाकी धूत होत्या. जायचं आणि विचारायचं. पण शहरभर नावांसाठी गाजलेला मी, जाऊन म्हणू कसा, की मावशी, तुमचं नाव काय हो? त्या पाईप हातात धरून माझ्याकडं बघतील, तो क्षण डोळ्यांपुढं आला आणि मी खुर्चीतून उठलो नाही. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये मस्टर होतं, तेही उघडायला गेलो नाही, कारण तिथं दोघं बसले होते आणि ‘सर, काय शोधताय?’ म्हणून विचारतील. मी माझी नेहमीची युक्ती केली. नाव न विचारता खांद्यावर थाप टाकली. नववी ओळ लिहिली : ‘आणि आपल्या सर्वांच्या लाडक्या मावशी.’

दगड कोरणारा कारागीर हातकणंगल्याकडचा, अंगापिंडानं दगडासारखाच. त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि बोट ठेवलं.

“सर, ह्या आठ वळी बगा. श्री नाहीतर सौ, मग नाव, मग बाचं नाहीतर नवऱ्याचं, मग आडनाव, मग हुद्दा. आनि ही नववी नुसतीच मावशी? वळ मोडतीया की.”

“लाडक्या लिहिलंय की त्यात.”

“लाडक्या हाय म्हनून नाव न्हाय व्हय?”

ज्या चुकीवर मी हजारो वह्या रंगवल्या, ती चूक एक दगड फोडणारा माणूस मला दाखवत होता. तिथं तरी मान खाली घालायची. पण माझी जीभ! ती माझ्या आधी उठते.

“पावणं, त्यांचीच तशी इच्छा हाय. नाव नको म्हणाल्या. मावशी म्हणूनच ओळख राहू दे म्हणाल्या.”

“असं व्हय?” त्यानं खांदे उडवले. “मोठं मन हाय मग बाईचं.” आणि छिन्नी घेतली.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदानात मांडव. सूत्रसंचालन माझ्याकडंच. पाचशे माणसं होती, मी नंतर सांगताना पाच हजार सांगायचो. मावशी पांढऱ्या साडीत आल्या, निळ्या काठाची, घडीच्या खुणा अजून दिसत होत्या म्हणजे नवी. बरोबर त्यांची नणंद आणि दोन जावा, मागावर सुट्टी टाकून इचलकरंजीहून आलेल्या. नणंदेचा आवाज असा, की माइकची गरज माझ्यापेक्षा तिला कमी. “कुटं हाय गं दगूड? झाकलाय का अजून? मंग झाकायचाच हुता तर आनला कशाला!” आजूबाजूचे हसत होते. मावशी तिला गप्प करत होत्या आणि स्वतः त्या झाकलेल्या कापडाकडं बघत होत्या.

पाहुणे शेजारच्या तालुक्यातले एक निवृत्त अधिकारी. त्यांनी पडदा सरकवला आणि कुणी न सांगता माइक घेऊन नावं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एकेक नाव वाचायचे, तो माणूस उभा राहायचा, टाळ्या. सहावं माझं. मी अशा थाटात वाकलो, की जणू शाहूपुरीपासून राजारामपुरीपर्यंत सगळे मलाच बघत होते. सातवं. आठवं. मग ते थबकले. चष्मा वर केला.

“आणि... हे कसं? लाडक्या मावशी? यांचं नाव काय?”

प्रश्न माझ्याकडं बघून विचारला. सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. तिसऱ्या रांगेत मावशी अर्धवट उभ्या राहिल्या होत्या, उठू की नको अशा. त्या क्षणी मी म्हणू शकत होतो, चूक झाली. दोन शब्द होते. मी माइक हातात घेतला.

“मान्यवर हो, यामागं एक गोष्ट आहे. यादी करताना मी स्वतः मावशींकडं गेलो. त्या टाकी धूत होत्या. म्हटलं, मावशी, तुमचं नाव सोन्याच्या अक्षरात लिहिणार. त्यांनी पाईप खाली ठेवला, हात जोडले आणि म्हणाल्या, सर, माझं नाव दगडावर नको. लेकरांच्या तोंडात ‘मावशी’ आहे, तेवढं मला पुरे!”

माझा आवाज शेवटी थोडा कापला सुद्धा. तो मला हवा तेव्हा कापतो. टाळ्यांनी मांडवाचं कापड हललं. पाहुण्यांनी डोळे पुसले. अध्यक्षांनी मान डोलावली. आणि टाळ्या ओसरल्यावर तिसऱ्या रांगेतून नणंदेचा आवाज आला.

“ए, तू नगं म्हनलीस? डोकं फिरलंय का तुजं? आनि आमी हितं सुट्टी टाकून आलोय, ते मसालेभात खायला व्हय?”

सगळे मावशींकडं वळले. मावशी माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं, आता त्या बोलणार. मी कवा म्हनलो, सर? एवढंच त्यांनी विचारायचं होतं आणि माझी पंचवीस वर्षांची इमारत तिथंच बसली असती. मला खात्री होती की त्या विचारणार. मी माइकची दांडी घट्ट धरली.

“व्हय,” मावशी म्हणाल्या. “मीच म्हनलो, नगं.”

आणि खाली बसल्या. नणंद त्यांना ढोसत होती, जावा तोंड फिरवून कुजबुजत होत्या. जेवणाच्या वेळी नणंद माझ्यापर्यंत आली. “सर, तुमी तरी ऐकायचं न्हाई तिचं. ती हाय खुळी, पर तुमी शिकलेलं मानूस.” मी म्हणालो, “खरं आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मस्टरवर सही करायला गेलो. रोज जातो. पेन टेकवतो, सहीचा फराटा ओढतो, निघतो. त्या दिवशी पहिल्यांदा पान वाचलं. माझ्या ओळीखाली तीन ओळी सोडून त्यांची ओळ होती. छापलेलं नाव, वडिलांचं नव्हे तर नवऱ्याचं मधलं नाव, आडनाव, पद. आणि रोजची सही. आद्याक्षरांची फरफट नव्हे, पूर्ण नाव, पूर्ण काना-मात्रेसकट, रोज, तारखेमागून तारीख. मी मागची पानं उलटली. महिनेच्या महिने. त्या रोज सकाळी माझ्या सहीजवळ बसून आपलं पूर्ण नाव लिहीत होत्या आणि मी रोज त्या पानावर हात टेकत होतो.

मी कारागिराकडं धावलो. तो म्हणाला, “दगडावरनं खोडता येत न्हाय, सर. तुमची वही न्हवं ही. नवा दगूड नाहीतर वर पितळी पट्टी.” पट्टी मला आवडली. पट्टी म्हणजे कुणाला काही सांगायला नको, रविवारी येऊन चिकटवली की झालं. तेवढ्या धीरावर मी संध्याकाळी मावशींच्या घरी गेलो. बौद्धवाड्यात, पहिल्या बोळात, दोन खोल्या. दारात तुळस नव्हती, झेंडूच्या कुंड्या होत्या. मावशींनी सतरंजी टाकली, चहा ठेवला, बिनसाखरेचा. मी पट्टीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“पट्टी कशाला? लुगड्याला ठिगळ लावल्यावानी?”

“मग?”

“वळीत पायजे. त्या आठांच्या वळीत.” त्यांनी स्टोव्ह बंद केला. “सर, तुमचा त्यो पंगतीचा धडा मी दारातनं पंचवीस येळा ऐकलाय. तुमी म्हनायचासा, एकाला वाडलं, एकाला न्हाई, असं चालत न्हाय. मला हसू याचं. आमच्या बानं गावजेवनात लांब बसून खाल्लंय, सगळी उठल्यावर. त्याला तुमच्या धड्याची गरज न्हवती. म्हनून तर त्यानं मला शाळेत घालताना गुरुजीला माजं नाव तीनदा सांगितलं, पुरं. म्हनला, अर्धं हाकेला ठेवा, वहीत पुरं लिवा.”

मी आयुष्यभर त्या हसण्याला माझी दाद समजत आलो होतो. चहाचा कप हातात होता आणि तो कुठं ठेवावा हे मला कळेना.

“मग काल मांडवात तुम्ही ‘मीच म्हनलो’ का म्हणालात?”

“आता पाचशे मानसांत मी तुमाला खोटं पाडू व्हय? मास्तर हाय तुमी. पोरं बसलेली म्होरं.” मग म्हणाल्या, “मी न्हाय सांगनार. तुमचं तुमी सांगा. सगळ्यांफुडं बोललासा, सगळ्यांफुडंच सांगा.”

मी हो म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, मला सवय आहे.

अध्यक्षांकडं गेलो तेव्हा चारपाच माणसं बसली होती. मी सांगायला लागलो. कसं नाव आठवलं नाही, कसं विचारायला लाज वाटली, कसं माइकवर रचलं. सांगता सांगता मला जाणवलं, मी हातवारे करतोय, मध्ये थांबतोय, नणंदेचा आवाज काढतोय. माणसं हसायला लागली. अध्यक्ष मांडी थोपटत म्हणाले, “मास्तर, तुमी लई इनोदी! पोटात दुखायला लागलं. आता त्या बाईनं सगळ्यांसमोर कबूल केलंय, नगं म्हनलो म्हनून. उगंच कशाला चूक अंगावर घिऊन मोठेपना दावताय?” आणि चहा मागवला. मी चहा पिऊन आलो.

खोटं बोललो तेव्हा लोक रडले आणि खरं बोललो तेव्हा हसले. यात लोकांचा काही दोष नाही. आयुष्यभर मीच त्यांना तसं वळण लावलं.

मग मी लिहून द्यायचं ठरवलं. पहिला मसुदा दोन पानी झाला. त्यात कामाचा ताण होता, केबिनमध्ये बसलेले दोघं होते, ‘अनवधानाने’ हा शब्द सहा वेळा होता, आणि मावशींच्या थोरपणावर एक परिच्छेद असा होता की दगड पाझरावा. मी लाल पेन घेतलं आणि पहिल्यांदा स्वतःचा कागद तपासला. जे जे मला सोडवायला आलं होतं ते खोडलं. उरल्या तीन ओळी.

मी त्यांचं नाव विचारलं नाही. मी कारागिराचं ऐकलं नाही. मी माइकवर खरं बोललो नाही.

खाली सही केली, पूर्ण नावाची. लिहायला वेळ लागला, सवय नव्हती.

अध्यक्षांनी कागद वाचला. परत वाचला. डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली.

“म्हंजे बाई नगं म्हनलीच न्हवती?”

“नाही.”

“आनि तुमी आमास्नी टाळ्या वाजवाया लावलं?”

“हो.”

त्यांना शिवी द्यायची असावी. दिली नाही, ते जास्त लागलं. “नवा दगूड करा,” ते म्हणाले. “तुमी करा, शाळा न्हाई. आनि गाजावाजा नगं. रविवारी बदला गुपचूप. शाळेची अब्रू हाय.” कागद त्यांनी घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला.

मी मान डोलावली. मावशी ‘सगळ्यांफुडं’ म्हणाल्या होत्या, हे मला तेव्हा आठवत होतं. चांगलं आठवत होतं. पण गुपचूप हा शब्द ऐकून माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, हेही खरं. या सगळ्या प्रकरणात मला माझीच सगळ्यात जास्त किळस आली ती त्या क्षणी, मांडवातल्यापेक्षाही जास्त. मांडवात विचार करायला वेळ नव्हता. इथं होता.

दगड घडेपर्यंत मावशी निवृत्त झाल्या. एका रविवारी सकाळी कारागिरानं नवा दगड बसवला. नऊ ओळी, सगळ्या सारख्या. श्रीमती, नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, शिपाई. तो मागं सरकून म्हणाला, “आता बसली वळ,” आणि जुना दगड टेम्पोत टाकून निघून गेला. मावशी बसनं आल्या, एकट्याच. नणंदेला कळवलं नाही का विचारलं, तर म्हणाल्या, “तिला काय सांगू? मी नगं म्हनलो आनि मग पायजे म्हनलो?”

त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. एकेक नाव वाचत खाली आल्या, मोठ्यानं, घंटा दिल्यासारखं, न घाई न थांबा. माझं नावही वाचलं. शेवटी स्वतःचं वाचलं, बाकीच्यांच्याच आवाजात. मग बोट आणखी खाली सरकलं, जिथं उद्घाटनाची तारीख होती.

“तारीख जुनीच हाय.”

“अध्यक्ष म्हणाले, बदलू नका.”

“म्हंजे बगनाऱ्याला वाटायचं, मी पयल्यापास्नं हितंच हुतो.”

“हो.”

“मग तुमी काय केलासा ते कुटं लिवलंय?”

“कुठं नाही.”

“बरं झालं की तुमास्नी,” त्या म्हणाल्या. रागानं नाही. भाजीचा भाव उतरल्यावर म्हणावं तसं.

मी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालत गेलो. खूप बोलायचं होतं आणि जीभ पहिल्यांदाच मागं राहिली होती. शेवटी म्हणालो, “मी लिहू का हे? सगळं. छापून येईल असं. तुमच्या नावासकट.”

बस लांब दिसायला लागली होती.

“लिवा. सगळ्यांफुडं सांगायचं ऱ्हायलंय तुमचं. पर माजं नाव नगं. दगडावर हाय, मस्टरवर हाय. तुमच्या गोष्टीत नगं. तुमच्या गोष्टीत गेलं तर कुनाला खरं वाटायचं न्हाय.”

म्हणून त्यांचं नाव इथं नाही. आणि त्यांचं नाही म्हटल्यावर मग अध्यक्षांचं, कारागिराचं, माझं, कुणाचंच नाही. या वेळी त्या खरोखर नको म्हणाल्या, फाटकात, बस यायच्या आधी. पण अगदी हेच मी एकदा पाचशे लोकांना माइकवरून सांगितलेलं आहे, आणि त्या दिवशी सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.